आग्रहाचं ऑइल

आमच्या घरात फोडणीला तेल थेंबानं पडायचं, त्या दिवसांत दारातली गाडी मात्र ऑइल ढोसत होती. बीडहून इकडे महाळुंग्यात आल्यावर बाबांना जी कंपनी मिळाली, ती बंद पडली. हातात आलेल्या पैशांत त्यांनी जुनी सात जणांची गाडी घेतली आणि चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टची माणसं पोचवायला लागले. थोड्याच दिवसांत गाडी मागून निळा धूर सोडायला लागली. गेटवरून निरोप आला, सोमवारपासून धुराची गाडी आत येणार नाही. गॅरेजवाला म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. इंजिनकाम काढावं लागेल." ते काढलं असतं तर माझ्या शेवटच्या वर्षाची फी भरता आली नसती. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि ते सांगायला मला अजूनही आवडतं.

शनिवारी आमचे घरमालक आबा आले. धोतर आवरून गाडीमागं उकिडवे बसले आणि त्यांनी सायलेन्सरला नाक लावलं.

"आधी वास, मग इस्वास," ते म्हणाले.

आबा महाळुंग्यातले जुने शेतकरी. जमीन कारखान्यांत गेली, ट्रॅक्टर विकला, तेव्हापासून ते लोकांच्या गाड्यांत नाक खुपसायचे. हे मी शब्दशः सांगतेय. दुधाचा वास, आमटीचा वास, खोली बघायला आलेल्या माणसाचासुद्धा वास घेऊन विचारायचे, "पीत न्हाईस ना?" असा माणूस तुमच्याही आळीत असेल. आमच्या आबांचं नाक अर्ध्या वेळेला चुकायचं, एवढाच फरक. एकदा गॅस गळतोय म्हणून त्यांनी सगळी चाळ रस्त्यावर काढली. निघाला कोकणातल्या भाडेकरूचा फणस.

काळं नाक घेऊन आबा उठले. "गाडी ऑइल पितीय."

"ते धुरावरूनच दिसतंय, आबा," मी म्हणाले.

"पितीय का सांडतीय, ते कुठं दिसतंय?" त्यांनी गाडीखाली पुठ्ठा सरकवला. रविवारी सकाळी पुठ्ठा कोरडा. "बघ. सांडत न्हाई." मग त्यांनी रेडिएटरचा वास घेतला, प्लग काढून त्यांचाही घेतला, आणि इतका वेळ घालवून गॅरेजवाल्याचाच निकाल दिला, "रिंगा."

बाबा पायरीवर बसले. मला ते बघवेना.

"रिंगा नंतर. आधी ऑइल खरंच किती कमी होतं ते बघू," मी म्हणाले. "आपण ऑइल मोजायची पट्टी रोज इथंच काढतो. ही गल्ली ओढ्याकडं उतरते. उतारावर पट्टी खरं कसं सांगेल?"

"मंग सपाट जागा हाय कुठं? समदं गाव खणून ठिवलंय." आबा थांबले. "ट्रकांचा वजनकाटा. त्यो सपाटच असतोय."

आईलाही गाडीत घेऊन निघालो. रविवारीही काट्यावर रांग होती. गाडी चढवली, इंजिन बंद करून थोडं थांबलो. मागं लोखंडाचा ट्रेलर हॉर्न मारत होता. बाबांनी पट्टी पुसून घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर होतं.

"एवढं वतलं कुनी?" आबांनी विचारलं.

"मी घालतो रोज सकाळी," बाबा म्हणाले. "पट्टीवर कमी दिसायचं म्हणून."

गाडीतून आई म्हणाली, "मी पण घालते की. तुम्ही अंघोळीला गेल्यावर. एवढी माणसं वाहती बिचारी, उपाशी कशी पाठवावी?"

बाबा तिच्याकडं बघत राहिले. मी आबांकडं बघितलं. आबा आभाळाकडं बघत होते.

"दुपारी दारात असली की म्याबी जरा टाकायचो," ते म्हणाले. "ट्रॅक्टरचं उरलं व्हतं. आल्यागेल्याला आग्रह नको का करायला?"

ट्रेलरवाला ओरडला, "भावा, वजन करायचंय का बारसं?"

जास्तीचं ऑइल इंजिनात घुसळून वर चढायचं आणि जळायचं. धूर दिसला की तिघंही घाबरून, एकमेकांना न सांगता, आणखी ओतायचे.

"पंगतीवानी झालं," आबा म्हणाले. "ती नगं म्हनतीय, अन् आपन वाढतोय."

सगळं ऑइल काढून मापात नवं भरलं. देहूला जाऊन आलो. धूर विरळ होत गेला आणि थांबला. पुन्हा काट्यावर पट्टी काढली. ऑइल खुणेवरून हललं नव्हतं. आबांनी तिचा वास घेतला आणि "मी म्हनलंच व्हतं" म्हणाले. कुणी वाद घातला नाही.

सोमवारी आबा नवी टोपी घालून गाडीत बसले. कॉलेज दुपारचं होतं म्हणून मीही गेले. गेटवरच्या गार्डनं सायलेन्सरपाशी रुमाल धरला, उलटसुलट बघितला आणि गाडी आत सोडली. आम्हा दोघांना मात्र उतरवलं.

"पास दाखवा, आबा."

"आरं, हितं माझी ज्वारी व्हायची."

"असेल हो. पण पास लागतो."

आबांना हसू आलं. जाळीपाशी उभं राहून त्यांनी गाडी पार वळणाआड जाईपर्यंत बघितली. मग मला म्हणाले, "चल. तुझं कॉलेज बुडायचं."

बाबांचं काम टिकलं. फी भरली गेली. निकाल लागायच्या आधीच, उन्हाळ्यात, आबा गेले.

मी पास झाले.