नदीकडची बाजू

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि मोहिमेचं बोलावणं यायच्या आत रावजीदादाने पुण्याला जायचं काढलं. रावजीदादा माझा चुलतभाऊ, शिलेदार. शिलेदाराची पत त्याच्या स्वतःच्या घोड्यावर. घोडा गेला की तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर होतो, नाहीतर पायदळात जातो. मागच्या मोहिमेत दादाचा एक घोडा पडला होता. उरली होती ती एकटी हरणी, आमच्याच गोठ्यात वाढलेली तांबूस घोडी. पुण्यात नदीकाठी शर्यती होतात आणि घोड्याला घोडा अशी पैज घेणारे तिथे भेटतात, असं त्याने ऐकलं होतं.

"जोडी झाली की निर्धास्त," तो म्हणाला. मी पुणं पाहिलं नव्हतं, म्हणून बरोबर निघालो.

वाईहून जाणार असाल तर खंबाटकीचा घाट ऊन चढायच्या आत ओलांडा. पलीकडे सावली नाही. शिरवळच्या पुढे नीरेला अजून पाणी होतं. आम्ही नावेने उतरलो, घोडी पोहून आली. शिरवळच्या धर्मशाळेत ढेकूण फार, त्यापेक्षा ओसरीवर पथारी टाका. भाकरी आणि लसणाची चटणी घरूनच बांधून न्या, कारण कात्रजच्या घाटापर्यंत आम्हाला विकत मिळाले ते फक्त फुटाणे, तेही मऊ पडलेले.

पुण्यात नारायण पेठेतल्या एका देवळाच्या धर्मशाळेत जागा मिळाली. तिथून नदी जवळ. या गावात माणसाचं जेवण स्वस्त आहे, घोड्याचं महाग. गवताचा भारा वाईच्या दुप्पट भावाने घेतला. हरणीला ओवरीत बांधू का, असं पुजारीबुवांना विचारलं.

"बांधा की," ते म्हणाले. "देवाला सांगतो बाहेर उभं राहायला."

शर्यतींचा माळ नदीपलीकडे. एका वेळी दोन घोडे पळतात. मधोमध चुन्याची रेघ, एक घोडा नदीच्या अंगाने, दुसरा टेकडीच्या अंगाने, आणि रेघ ओलांडली की हार. तिथे दादाला येसाजीराव भेटले. साठीकडे झुकलेले शिलेदार, बोलणं मऊ, जवळ एकच अबलख घोडा. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, उंच, डोळ्यांत माणसासारखी समज. त्यांनाही जोडीला दुसरं जनावर हवं होतं. चार माणसांसमोर सुपारी फुटली, पैज पक्की झाली. हरेल त्याने घोडा द्यायचा. म्हणजे दोघांतला एक जण माळावरून पायीच जाणार होता. आम्हाला ते ठाऊक होतं, पण त्या घडीला ते कुणी मनावर घेतलं नाही.

आमच्या आधी काही शर्यती होत्या. माझ्या शेजारी पेठेतले एक गृहस्थ उपरणं सावरत बसले होते. घोडे समोर आले, लोक ओरडायला लागले, तरी हे पैज लावेनात. चिठ्ठी निघाली, कोण कुठल्या बाजूने पळणार ते ठरलं, तेव्हा कुठे त्यांनी हात वर केला. आणि जिंकले. पुढच्या वेळीही तसंच.

"घोड्यांची पारख दांडगी दिसते आपली," मी म्हणालो.

"अहो, घोड्याकडे पाहतो कोण? घोडे वाईहून येतात, मिरजेहून येतात. जमीन इथेच असते." त्यांनी नदीकडे बोट केलं. "पुराचा गाळ बसलाय त्या अंगाला. वरून पापुद्रा, खाली लोणी. दसऱ्यापासून तिकडचा एकही घोडा जिंकलेला नाही. थंडीत गाळ सुकेल, मग पाहू घोड्यांकडे."

मी दादाला गाठलं. आम्ही दोघं नदीच्या अंगाने चाललो. पुढे पुढे पायाखाली जमीन हलकेच दबत होती. टेकडीकडे मुरूम, खणखणीत.

"दादा, पैज मोडा. चिठ्ठीवर घोडी घालवायची का?"

"सुपारी फुटलीया. आता मोडली तर तोंड कुठं दाखवू?"

"येसाजीरावांना माहीत असेल का हे?"

"पुन्याचाच मानूस हाय त्यो. त्याला न्हाई तर कुनाला ठाव असनार?"

चिठ्ठी निघाली. दादाला टेकडीची बाजू आली. माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं, आणि त्याच क्षणी शेजारच्या गृहस्थांनी हरणीवर पैज लावली. तिच्याकडे न बघता. येसाजीरावांनी अबलखाच्या मानेवरून एकदा हात फिरवला आणि ते वर बसले.

सुटताच अबलख असा काही निघाला की लोक उभे राहिले. अर्ध्यापर्यंत तो घोडाभर पुढे होता. मग गाळ लागला. प्रत्येक पाऊल उपसताना चिखलाचा आवाज येत होता, तो आम्हाला इथवर ऐकू आला. जनावर थांबलं नाही, फक्त मान खाली घालून ओढत राहिलं. हरणी मुरमावरून आरामात पुढे गेली. तरीसुद्धा शेवटी अंतर पडलं ते जेमतेम घोडाभर.

दादा उतरला तो सरळ येसाजीरावांकडे गेला.

"काका, बाजू बदलून पुन्हा पळू. ही काय शर्यत न्हाई झाली."

मागून ओरडा झाला. पैजा मिटल्या होत्या, कुणालाच पुन्हा काही नको होतं. येसाजीराव खोगिराचे पट्टे सोडत होते.

"मी जिंकलो असतो तर मी म्हणालो असतो का पुन्हा पळू?" ते म्हणाले. "न्या त्याला. डाव्या बाजूने चढू नका, बुजतो."

"मग असाच ठेवा. मी दिला म्हनून ठेवा."

"दिलेल्या घोड्यावर बसायची सवय नाही मला, बाळा."

त्यांनी लगाम दादाच्या हातात दिला, खोगीर खांद्यावर घेतलं आणि उतारावरून नदीत शिरले. पाणी गुडघ्याच्या वर आलं तसं त्यांनी खोगीर डोक्यावर धरलं. अबलख कान टवकारून बघत राहिला. पलीकडच्या काठावर पोचून ते घाटाच्या पायऱ्या चढले. मागे वळले नाहीत.

परतीची वाट मला फारशी आठवत नाही. कात्रज चढताना अबलख पुन्हा पुन्हा थांबायचा, आणि दादा त्याला ओढायचा नाही, उभा राहायचा.

घरी आल्यावर थोड्या दिवसांनी दादाने मला हरणीवर बसवलं आणि स्वतः अबलख घेतला. कृष्णेकाठचा सपाट माळ, दोन्हीकडे सारखी जमीन. हरणी जीव तोडून पळाली. अबलख इतका पुढे गेला की दादाला थांबून माझी वाट पाहावी लागली. दुसऱ्या दिवशी तो अबलखाला घेऊन एकटाच पुण्याला गेला, आणि त्याच्यासह परत आला.

"घर सापडलं," तो म्हणाला. "म्हातारी एकटीच हुती. काका पायदळात नाव घालून गेलं. कुनाच्या हाताखाली, तिला ठाव न्हाई."

मोहिमेवर दादा अबलखाला घेऊनच गेला. तळावर पायदळाच्या राहुट्या धुंडाळीन म्हणाला. उन्हाळ्यात परतला तेव्हा अबलख त्याच्या मागे होताच. दादाने त्याला बांधलं, पाणी दाखवलं, आणि मी विचारायच्या आत घरात निघून गेला.

लोक मला पुणं कसं आहे म्हणून विचारतात. मी घाट सांगतो, नीरेची नाव सांगतो, गवताचा भाव सांगतो. जरूर जा, म्हणतो. संध्याकाळी वैरण टाकायला गेलो की अबलख मान वर करून माझ्यामागे दाराकडे बघतो, कुणी आणखी येतंय का ते. मी डाव्या अंगाने जात नाही.