पाव्हण्यांकडे पाठ

"नाव नोको घेऊ वो त्याइचं. पाव्हणे म्हन."

ओठांवर बोट ठेवून, भुवया उंचावून ती हे पहिल्यांदा मला म्हणाली, तेव्हा माझ्या गच्चीच्या कठड्यावर सात वानरं ओळीनं बसली होती. त्यातल्या एकानं मी वाळत घातलेली ओढणी गळ्यात घेतली होती. मी "वानर, वानर" म्हणून ओरडत होते आणि ती तीन घरांपलीकडच्या गच्चीवर उभी राहून माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत होती. एका हातात पितळेची परात, दुसऱ्या हातात लाटणं. नाव घेतलं की ते येतात, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, ते तर आधीच आलेत. ती म्हणाली, "मंग आता आनखी येतीन."

आणि खरंच आणखी पाच आली.

भंडाऱ्याच्या कडेला, जिथं काही वर्षांपूर्वी धानाच्या बांध्या आणि एक आमराई होती, तिथं आमचा लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वसाहत, पडला. आमराई गेली, नाल्याकाठची चार झाडं तेवढी राहिली. वानरांना हे कुणी कळवलं नाही. ती आपल्या जुन्या रस्त्यानं येत राहिली. आंब्यांऐवजी त्यांना पाण्याच्या टाक्या, केबलच्या तारा आणि गच्चीवर वाळत घातलेल्या लाखोरी डाळीच्या वड्या मिळू लागल्या.

मी दिघोरीची. आमच्या घरात पदवी घेणारी पहिली. सरकारी कचेरीत लिपिकाची नोकरी लागली आणि मी या लेआउटमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. शिकलेल्या माणसापाशी प्रत्येक गोष्टीचा उपाय असतो अशी माझ्या बाबांची ठाम समजूत होती. वानरांनी ती पहिल्याच आठवड्यात मोडीत काढली.

उपाय सगळ्यांनी केले. एकानं मोबाइलवर कुत्र्याचं भुंकणं लावून ठेवलं, तर गावभरातली खरी कुत्री त्याच्या फाटकापाशी जमली. एकानं जत्रेतून मोठा कापडी वाघ आणून गच्चीवर बसवला. पहिल्या दिवशी वानरं लांबून बघून गेली. दुसऱ्या दिवशी एकानं जवळ जाऊन त्याच्या कानात बोट घातलं. तिसऱ्या दिवशी एक लेकुरवाळी वानरीण त्या वाघाला टेकून पिल्लाला पाजत बसली होती. पुढं तो वाघ पावसात भिजून फुगला. मालकाला तो उचलवेना, आणि वानरं त्याला सोडायला तयार नव्हती.

अशा वेळी करडी गावाहून ही बाई आली. मुलगा एसटीत कंडक्टर, त्यानं लेआउटमध्ये घर बांधलं आणि आईला घेऊन आला. हिनं उभं आयुष्य धान राखलेलं. पाखरं, डुकरं, गुरं, सगळ्यांशी हिचा व्यवहार झालेला. इथं आल्यावर पहिला महिनाभर ती तोंड पाडून बसली होती, असं तिची सून सांगायची. "इथं राखाले काईच नाई," म्हणायची. मग तिच्याही गच्चीवर वानरं उतरली आणि म्हातारीच्या अंगात जीव आला. महिन्याभरात सगळा लेआउट तिला माय म्हणू लागला. तिचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. नाव न घेण्याची रीत मुळात तिचीच.

तिच्या रीती तुम्ही पाहायला हव्या होत्या. सगळ्यांनी एकदम परात बडवायची नाही. पूर्वेकडच्या घरांनी सुरुवात करायची, मग मधल्यांनी. पश्चिमेकडच्यांनी गप्प राहायचं, म्हणजे टोळी त्या बाजूच्या नाल्याकडे निघून जाते. "जायाले वाट ठेवा ना गा. वाट नाई ठेवली तर पाव्हणे तरी कुठं जातीन?" कमरेला गुलेल असायची आणि पदरात मातीच्या गोळ्या. पण एकाही वानराला तिनं गोळी मारलेली मी पाहिली नाही. गोळी कानाजवळून जायची. "लागली नाई पायजे, कळली पायजे," हे तिचं शास्त्र.

आणि टोळीचा म्होरक्या दिसला की ती डोक्यावरून पदर घ्यायची. हो, पदर. तो थोराड नर टाकीवर एक पाय खाली सोडून, मनगट गुडघ्यावर ठेवून बसायचा, आणि हिचे सासरे ओट्यावर अगदी तसेच बसायचे म्हणे. ती त्याला मामंजी म्हणायची. शिव्या बाकीच्यांना देई, मामंजींना कधी नाही. सून लाजून चूर व्हायची. तिला माय विचारी, "सासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं जाऊ का मी?"

लेआउटच्या समितीचे सचिव निवृत्त मुख्याध्यापक होते. गुरुजींना मायची पद्धत इतकी पटली की त्यांनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सूचनाच काढली: 'सर्व भूखंडधारकांना कळविण्यात येते की, टोळी दिसताच केवळ पाव्हणे आले एवढेच लिहावे व आपापल्या गच्चीवर हजर व्हावे.' वानर हा शब्द ग्रुपवरून हद्दपार झाला. 'पाव्हणे आले' दिसलं की कुकरची शिटी सोडून बायका वर धावत. दोन मिनिटांत लेआउट दणाणून जाई.

आता चूक कशी झाली ते तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या मात्र त्या दिवसापर्यंत आलं नव्हतं.

मला पाहायला पवनीकडचे पाहुणे यायचे होते. याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्हीकडून एकच विचारणा झाली, "नोकरी सोडणार ना?" मी नाही म्हटलं आणि दोन्हीकडून पुन्हा फोन आला नाही. मला वाईट वाटलं ते बाबांसाठी. मला शिकवलं म्हणून गावात लोक त्यांना आता टोमणे मारू लागले होते. ते काही बोलत नसत, पण तिसरं स्थळ येणार म्हटल्यावर दोन दिवस आधीच दिघोरीहून येऊन बसले. शिकलेल्या पाहुण्यांशी बोलायची त्यांना धास्ती. म्हणून मी गुरुजींना आणि दोन शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की पाहुणे आल्यावर या, बाबांच्या सोबतीला बसा.

सकाळी अकराच्या सुमारास पांढरी गाडी वळली. मी आत साडी नेसत होते. बाबांनी घाईघाईनं माझा फोन उचलला आणि ग्रुपवर आवाजी निरोप धाडला, "पाव्हणे आले हो. पाव्हणे आले. या सगळे."

पुढचं मी खिडकीतून पाहिलं. पूर्वेकडच्या पहिल्या घरातून परात वाजली. मग दुसऱ्या, मग पाचव्या. मुलाचे मामा करड्या रंगाच्या सफारीत, हातात पेढ्यांचा डबा सांभाळत, पाठमोरे गाडीतून उतरत होते. माय चष्मा न लावता गच्चीवर आलेली. तिला काय दिसलं असेल? एक भली मोठी करडी पाठ. मामांच्या हातातल्या डब्याला मातीची गोळी कळली. डबा उडाला, पेढे रस्त्यावर, मामा परत गाडीत. मुलाची आई केळ्यांची फणी छातीशी धरून फाटकात थिजली. चारी बाजूंच्या गच्च्यांवरून माणसं "हाड, हाड" करत होती. माझे बाबा ओट्यावर हात जोडून उभे होते आणि कुणाला जोडावेत हे त्यांना कळत नव्हतं.

गुरुजींनी घाईनं ग्रुपवर लिहिलं: 'सदर पाव्हणे हे खरे पाव्हणे आहेत.'

सगळं एकदम शांत झालं. गच्च्यांवरची डोकी कठड्याखाली बुडाली. आणि त्या शांततेत नाल्याकडून टोळी आली.

या गोंधळात पश्चिमेकडच्यांनीही पराती बडवल्या होत्या. नाल्याकाठी निवांत बसलेली वानरं त्या आवाजानं बिथरली होती; आवाज थांबताच ती उलटी आमच्याकडेच निघाली, आणि समोर केळी दिसत होती. पण आता परात कोण वाजवणार? जो तो शरमेनं खाली बसलेला. मामंजी थेट गाडीच्या बॉनेटवर येऊन बसले, एक पाय खाली सोडून. आतले मामा भेदरून काचेतून दात दाखवू लागले. ते हसू होतं की काय, देव जाणे.

माय धावत खाली आली. वय विसरून, चप्पल विसरून.

"दात नोका दाखवू, भाऊ. दात दाखवले का त्याइले भांडन वाटते. उतरा हळूच, पाठ करा त्याइच्याकडं, आन् बसा खाली. सारेच बसा."

तिच्या आवाजात असं काही होतं की सगळे बसले. मामा, मुलाचे वडील, मुलगा, माझे बाबा. मी साडीच्या निऱ्या धरून बाहेर आले तर मलाही तिनं बसवलं. भर रस्त्यात, नव्या कपड्यांत, आम्ही सगळे वानरांकडे पाठ आणि भिंतीकडे तोंडं करून बसलो. मायनं मुलाच्या आईच्या हातून केळी घेतली, खाली ठेवली आणि त्या केळ्यांवरच स्वतः बसली. मग डोक्यावरून पदर ओढला.

मुलाच्या आईनं दबक्या आवाजात विचारलं, "कोण आहेत?"

"माहे सासरे," माय म्हणाली.

त्या माउलीनं एकदा मागं बघितलं आणि स्वतःही पदर घेतला.

मला हसू येत होतं आणि रडूही. तिसरंही स्थळ गेलं, हे मी मनाशी धरूनच चालले होते. एवढ्यात शेजारून, भिंतीकडेच बघत, मुलानं विचारलं, "तुम्ही नोकरी सोडणार नाही ना?"

मी आधी नेहमीचाच प्रश्न समजले. मग त्यातला 'नाही' ऐकू आला. एवढासा शब्द, पण तो आधीच्या दोघांच्या प्रश्नात नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं. मी शिकवतो ते शाळाही इथून जवळच आहे," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मले गोटा टोचून राहिला, सरकू का?"

"हळू बोला," माय पुटपुटली. "मामंजी ऐकून राहिले."

मला राहवलं नाही. मी हसले, तो हसला, दात भिंतीला दाखवून. मागं मामंजींनी बॉनेटवर एक दणका दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि निघून गेले. कुणी आपल्याकडे बघतच नाही म्हटल्यावर त्यांना तिथं थांबण्यात राम वाटला नसावा. रस्त्यावरचे पेढे जाता जाता टोळीनं आवरले. मुलाच्या आईनं चहा घेतला, त्या माझ्याशी चार शब्द बोलल्या आणि गाडी गेली.

नंतर तीन दिवस फोन आला नाही. बाबा गावी परतले नाहीत, फोनजवळून हलले नाहीत. माय गच्चीवर चढली नाही. वानरांनी त्या तीन दिवसांत लेआउटच्या तमाम वड्या संपवल्या, आणि कुणी तक्रारही केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी माय कुणालाही न सांगता एसटीनं कुठंतरी गेली. संध्याकाळी परत आली ती पोट धरून, फार जेवल्याची तक्रार करत. कुठं गेली होती ते सांगेना. त्याच संध्याकाळी पवनीहून होकार आला.

ती काय बोलली ते मला लग्नानंतर सासूबाईंनी सांगितलं. दारात उभी राहून म्हणाली होती, "पोरीत खोट नाई, बाई. खोट माह्या शब्दात होती. शब्द म्या ठेवला, भोगून ते पोरगी राहिली." सासूबाई म्हणाल्या, होकार तर आमचा गाडीतच ठरला होता, मुहूर्त बघून कळवणार होतो. पण एवढ्या लांबून आलेल्या बाईला हे आधीच ठरलंय असं कसं सांगायचं? म्हणून त्यांनी तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, विचार करते म्हणाल्या, आणि पोटभर जेवू घातलं. मायला शेवटपर्यंत वाटत राहिलं की लग्न तिनं जुळवलं. ते चूक आहे असं मला आजही म्हणवत नाही.

गेल्या वर्षी माय वारली. करडीला, मुलाच्या सुट्टीत त्याच्यासोबत गेली असताना, धान कापणीच्या दिवसांत. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

माझ्या लग्नाच्या फोटोंत ती नाही. मांडव लेआउटच्या मोकळ्या जागेत, तिच्या घराच्या भिंतीला लागून होता. तिनं पंगतीत बसायला, आहेर घ्यायला, मंगलाष्टकाला उभं राहायलाही नकार दिला. एवढं अन्न उघड्यावर असताना राखणाऱ्यानं खाली यायचं नसतं म्हणाली, आणि अक्षतांची मूठ घेऊन गच्चीवर जाऊन उभी राहिली, नाल्याकडे डोळे लावून. मंगलाष्टकं सुरू झाली, संपली, वाजंत्री वाजली, लोकांनी अक्षता टाकल्या आणि हात झटकून पंगतीकडे वळले. आम्ही हार घालून उभे होतो. तेव्हा वरून, सगळ्यांच्या मागाहून, तांदूळ पडले. अर्धे माझ्या केसांत, अर्धे त्यांच्या फेट्यावर. आम्ही दोघांनी मान वर केली. ती आमच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तोंड नाल्याकडे, एक हात डोळ्यांवर उन्हाला आडवा धरलेला, आणि दुसरा हात कठड्याबाहेर, अजून उघडाच.