ऐकणाऱ्याची जागा

पाशाभाईंविषयी गुंडप्पांना खरं तर फार थोडं ठाऊक होतं. त्यांचं मूळ गाव कोणतं, घरात कोण कोण, यातलं काही त्यांनी कधी विचारलं नाही. दिंद्रुडच्या बाजारात गुंडप्पांचं किराणा दुकान आणि रस्त्यापलीकडे, मशिदीला लागून, पाशाभाईंचा मदरसा. मदरसा म्हणजे पत्र्याची एक खोली. मधला रस्ता रोज ओलांडायचे ते पाशाभाईच, खडीसाखरेसाठी. तिनं घसा मोकळा राहतो म्हणायचे.

पाशाभाई हाफिज होते, सगळं कुराण तोंडपाठ. सकाळी मोहल्ल्यातली पोरं-पोरी शाळेच्याच कपड्यांत त्यांच्यापुढं येऊन बसत. भिंतीकडच्या गादीवर पाशाभाई, दाराकडच्या चटईवर पोरं. गादीशेजारी चिंचेची छडी असायची. ती पोरांपेक्षा जमिनीवरच जास्त वाजे, पण तिचा धाक होता. जिल्हा परिषदेच्या शाळेची घंटा झाली की सबक म्हणजे पाठ तिथंच थांबे, ओळ अर्धी राहिली तरी. "अल्लाची ओळ उद्या बी हाय. मास्तरांची हजेरी थांबत न्हाई," असं सांगून ते पोरं पिटाळायचे.

गुंडप्पांना त्या पाठातला एक शब्द कळत नसे. पण कपाळाला विभूती लावून दुकान उघडताना तो आवाज कानावर आला नाही, तर सकाळ झाल्यासारखं वाटत नसे.

रमजान जवळ आला तशी मशिदीत कुजबुज सुरू झाली. रमजानात रात्रीच्या नमाजेत हाफिज उभा राहून सगळं कुराण न बघता म्हणतो. गेल्या वर्षी पाशाभाई मधेच भलतीकडं गेले होते. कुराणात सारख्या ओळी पुष्कळ ठिकाणी येतात. एका सूऱ्यातून, म्हणजे अध्यायातून, चालता चालता माणूस नकळत दुसऱ्यात शिरतो. "तेलगावला म्हणून निघावं आन् माजलगावात उतरावं, तसं," असं पाशाभाईच हसून सांगायचे. यंदा मात्र ते हसत नव्हते. बाहेरून तरणा हाफिज आणावा, असं काहींचं म्हणणं पडलं होतं. आणि ज्याला स्वतःला आठवत नाही, त्याच्याकडे पोरं तरी कोण धाडणार? खडीसाखर घ्यायला आले तरी पाशाभाईंचे ओठ हलत असत.

एका सकाळी गुंडप्पांनी पाहिलं, तर गादीवर गुफरान. हा पाशाभाईंचाच चेला. मोठ्या मदरशातून हाफिज होऊन आला होता आणि स्टँडवर मोटारसायकली दुरुस्त करायचा. पाशाभाई दाराकडच्या चटईवर, पोरांच्या रांगेत.

गुंडप्पांचं डोकंच फिरलं. एवढा भिडस्त माणूस, पण तराजू तसाच टाकून रस्ता ओलांडून गेला.

"का रे गुफरान? चार पानं फिरवता आली म्हणून गुरूला खाली बसवतो व्हय?"

गुफरान गडबडून उठू लागला. "आप्पा, मी कुठं... त्यांनीच बसवलं मला."

"बस रे तू," पाशाभाई म्हणाले. मग गुंडप्पांकडे वळले. "आप्पा, आधी चपला काढा. पोरं बघायलीत."

पोरं फिसकन हसली.

"म्हणणारा इथं बसतो, ऐकणारा तिथं. वयाची जागा न्हाई ती," पाशाभाई म्हणाले. "आता मला ऐकणारा पायजे."

गुंडप्पा चपला काढून दारातच टेकले. पाशाभाईंनी डोळे मिटून सुरुवात केली. बराच वेळ आवाज सरळ चालला, मग अडला. ते मागे गेले, पुन्हा आले, पुन्हा तिथंच अडले. हीना नावाची पोरगी रोज अडायची आणि रडायची. तिनं गुफरानजवळच्या छडीकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. गुफराननं छडी उचलली आणि हळूच गादीखाली सारली. मग हलक्या आवाजात पुढचा शब्द दिला. याला ते लुकमा म्हणतात, म्हणजे घास. पाशाभाईंनी तो घेतला आणि वाट सापडल्यासारखे पुढं चालू लागले.

ते थांबल्यावर हीना म्हणाली, "हाफिजसाब बी अडकतेत!"

"अडकतो की. म्हणून तर तुझ्या शेजारी बसलोय."

छडी गादीखालीच राहिली. रमजानभर रात्रीच्या नमाजेत पाशाभाई पुढं आणि गुफरान त्यांच्या मागं उभा राहिला. किती घास द्यावे लागले हे गुंडप्पांना कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. बाहेरचा हाफिज मात्र आला नाही. हीना अजूनही अडायची, पण आता रडण्याऐवजी शेजारणीकडं कान करायची.

ईद झाल्यावर एका दुपारी पाशाभाई दुकानात आले.

"आप्पा, खडीसाखर द्या."

गुंडप्पांनी बरणीत हात घातला आणि ते थांबले. गप द्यावी, की सांगावं?

"पाशाभाई, सकाळीच नेली की तुमी."

पाशाभाईंनी खिसा चाचपला. पुडी तिथंच होती.

"हाय की! बरं केलं, टोकलं," ते म्हणाले. "मग चहापत्ती द्या. का ती बी नेली?"

"न्हाई. ती न्हाई नेली."

"मग द्या."