सरोज ओगल्यांच्या खोलीतली अंडी

त्रेपन्न सालच्या श्रावणात आमच्या डोंबिवलीच्या चाळीत बातमी फुटली की सरोज ओगले चोरून अंडी खातात. बातमी माझ्याच तोंडून निघाली, आता कबूल करते. कोपर गावच्या अंडीवाल्या हौसाबाईला पदराआड टोपली घेऊन त्यांच्या खोलीत शिरताना मीच पाहिलेलं. पण बातमी खोटी निघाली. बाई अंडी खात नव्हत्या, बघत होत्या.

मुंबईच्या एका कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या. एकदा बघायला आलेल्या मुलाला त्यांनी बेडकाची वाढ अंड्यापासून शेपटीपर्यंत समजावली; तो पोहे टाकून गेला तो गेलाच. कोंबडीच्या पिल्लाचं हृदय पहिला ठोका नेमका कुठून देतं, यावर त्यांचा प्रबंध चाललेला. अंड्यांना रात्रंदिवस सारखी ऊब हवी, आणि कॉलेजचा नियम असा की बायकांनी पाचनंतर प्रयोगशाळेत थांबायचं नाही. मग बाईंनी घरीच खोका केला. आत कापूस, खाली कंदील. अंड्याला नखाएवढी खिडकी पाडून त्यावर मेणानं काच बसवायची आणि भिंगातून बघायचं. बाजारची अंडी चालत नसत, कोंबडा फिरतो त्या अंगणातलीच हवीत, म्हणून हौसाबाई.

प्रबंध द्यायला महिना उरला होता. बाई नळावर गेल्या तेवढ्यात चाळीचे मालक हरिहरपंत सोवळ्यानं त्यांच्या खोलीत शिरले आणि गंगाजळ मिसळलेलं तांब्याभर पाणी खोक्यात ओतून आले. कंदील विझला, अकरा अंडी गारठली.

"शुद्ध केलंय सगळं," पंत गॅलरीत गरजले. "आता एक तर अंडी राहतील, नाहीतर तुम्ही. सोमवारपर्यंत ठरवा!"

आम्ही सगळ्या जमलो. मी पुढे, हे सांगायला नको. बाई रडतील म्हणून मी पदरसुद्धा तयार ठेवलेला. त्यांनी एक अंडं पुसलं, स्वतःच्या हातात धरलं आणि पंतांना नुसतं भिंग दिलं. "बघा."

पंत अंग चोरून वाकले. मोहरीएवढा लाल ठिपका आत हलत होता, थांबत होता.

"हे... जिवंत आहे?"

"होतं. तुमच्या गंगाजळापर्यंत."

ठिपका थांबला. पंतांनी भिंग खाली ठेवलं, धोतराचा सोगा सावरला. मग हळूच म्हणाले, "अहो, बाईमाणसाला कशाला हा उद्योग? सोडा की. खोली तुमचीच राहील."

गलका ऐकून हौसाबाई खाली अंगणात येऊन उभी होती. बाईंनी गॅलरीतून तिला हाक मारली, "हौसाबाई, उद्या आणखी डझनभर आणा हो!" आणि वळून कंदिलाची वात कोरडी करत म्हणाल्या,

"पंत, खोली हवी असेल तर कोर्टात जा. ठोका कुठून सुरू होतो ते सापडेपर्यंत मी अंडी उबवणार. या खोलीत नाही जमलं, तर तुमच्या दारासमोरच्या ओट्यावर."