हद्द बदलल्याची नोटीस

मी बेलीफ होतो. दिवाणी कोर्टाचे समन्स आणि नोटिसा गावोगाव पोचवायच्या, ज्याचा कागद त्याच्या हातात द्यायचा, पाठीमागे सही किंवा अंगठा घ्यायचा आणि परत येऊन नाझराच्या, म्हणजे आमच्या वरच्या कारकुनाच्या, टेबलावर अहवाल ठेवायचा. याला आमच्याकडे ‘बजावणी’ म्हणत. काम हलकं समजत, पण आमच्या पायांवाचून न्यायाधीशाचं पान हलत नसे. हे मी तेव्हाही तोंडावर म्हणायचो आणि त्यामुळे नाझराचं माझ्यावर कधी प्रेम नव्हतं.

तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता. आम्ही सगळे पश्चिम खानदेशचे, आणि जिल्हा कोर्ट धुळ्याला. त्याच्या हाताखाली आमच्यासारखी तालुक्याच्या गावची लहान कोर्टं. आमच्या न्यायाधीशांच्या खोलीत एक नकाशा टांगलेला होता. त्यावर तापीकाठची काळी जमीन, तिच्यातली दाट गावं आणि वर सातपुडा. गावं दाट होती तिथे हद्दीची रेघ नीट वळणं घेत जायची. डोंगर लागला की ती सरळ व्हायची, कारण डोंगरात जाऊन बघणार कोण? महसुलाची हद्द एक, पोलिसांची दुसरी, जंगलखात्याची तिसरी आणि कोर्टाची चौथी. डोंगरातल्या माणसाला चार दिशांना चार साहेब होते. आपण कोणाच्या हद्दीत आहोत हे त्याला तोंडपाठ असावं अशी सरकारची अपेक्षा होती.

पुढे राज्य वेगळं झालं तेव्हा आमच्याकडची काही गावं गुजरातेत गेली. त्यांच्या फायली आम्ही लाल फितीत बांधून, यादी करून पाठवल्या, आणि त्याची चर्चाही खूप झाली. पण मी सांगतोय ती हद्द त्याच्याही आधी बदलली होती, आणि तिची चर्चा कोणीच केली नाही.

डोंगरातून येणाऱ्या पक्षकारांपैकी एक म्हातारा मला चांगला आठवतो. भिल्ल, उंच, वाकलेला, कानात चांदीच्या बाळ्या. पायथ्याशी नाल्याच्या कडेला त्याचं पाचेक एकराचं शेत होतं. खालच्या गावातल्या एका बागायतदाराने त्यावर दावा लावला होता. म्हणणं असं की, म्हाताऱ्याच्या मेलेल्या भावाने ते शेत त्याला विकलं. म्हातारा म्हणायचा, भावाने विकलं असेल तर भावाचं विकलं असेल, माझं कसं विकलं? मुद्दा बिनतोड होता, फक्त तो कोर्टात योग्य दिवशी उभं राहून मांडायला हवा होता. त्या शेतावर त्याच्यासह सात माणसं जगत होती. दुसरं काही नव्हतं.

पुढची तारीख पडली की डोंगरातली माणसं कॅलेंडर बघत नसत. दोरीला गाठी मारून घेत. जितके दिवस तितक्या गाठी, आणि रोज सकाळी एक सोडायची. शेवटची सुटली की कोर्टाला निघायचं. बऱ्याच जणांच्या गाठी मीच मारून द्यायचो. वाटेचे दिवस वजा करून द्यायचो, म्हणजे माणूस बरोबर तारखेला सकाळी हजर. माझ्या हिशेबात कधी एका दिवसाची चूक झाली नाही. त्याचा मला ताठा होता, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी हिवाळ्यात म्हाताऱ्याला लांबची तारीख पडली, होळीनंतरची. मी त्याला गाठी मारून दिल्या. दोरी कमरेला बांधून तो गेला.

आणि मग राज्यपत्र आलं. शेजारच्या गावी नवं दिवाणी कोर्ट मंजूर झालं होतं. ‘खालील अनुसूचीत नमूद केलेली गावे’ अमुक दिवसापासून आमच्या कोर्टाच्या हद्दीतून निघून त्या कोर्टाच्या हद्दीत जाणार होती. अनुसूची दोन पानांची. हेतू चांगलाच होता. लोकांना कोर्ट जवळ पडावं, आमच्याकडच्या कामाचा ढीग कमी व्हावा. म्हाताऱ्याचं गाव त्यात होतं. आठ दिवसांत त्या गावांच्या फायली बैलगाडीत घालून रवाना झाल्या. तारखा त्याच ठेवल्या, फक्त जागा बदलली. ज्याचं त्याला कळावं म्हणून प्रत्येक पक्षकाराच्या नावाने नोटीस निघाली, आणि डोंगराकडचा गठ्ठा माझ्या वाट्याला आला.

होळीच्या आठवड्यात सातपुड्यात समन्स घेऊन जाऊ नये. घरी कुत्रं सापडत नाही. सगळा डोंगर नटूनथटून काठी गावच्या होळीकडे चाललेला असतो, आणि मग या गावची होळी, त्या गावची होळी करत माणसं उशिरा परततात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी इथलाच. पण मार्चअखेर होती. नाझर म्हणाला, “एकही नोटीस शिल्लक राहायला नको. सापडले नाहीत तर डकवून या.”

डकवणं म्हणजे माणूस घरी नसेल तर कागद त्याच्या दारावर लावायचा. कायद्यात ते चालतं. मात्र त्याआधी आसपास नीट चौकशी करायची आणि दोन पंचांच्या समक्ष लावायचा, त्यांचे अंगठे घ्यायचे. आता ओसाड पाड्यावर पंच आणायचे कुठून? आम्ही बेलीफ लोक त्याला एक तोड काढत असू. पायथ्याच्या बाजारात ओळखीच्या दोन माणसांचे अंगठे कोऱ्या अहवालावर आधीच घेऊन ठेवायचे. सगळेच करत. नाझरालाही ठाऊक होतं आणि तो डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचा. त्या दिवशीही मी तेच केलं.

म्हाताऱ्याच्या घराशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कुडाचं घर, बांबूच्या तट्टीचं दार, आणि आत-बाहेर कोणी नाही. समोरच्या टेकडीवर एक धूर दिसत होता, म्हणजे कोणीतरी मागे राहिलं होतं. तिथवर जाऊन निरोप ठेवायचा तर उतार उतरून चढ चढायचा. मी गेलो नाही. उन्हाने जीव हैराण झाला होता आणि गठ्ठ्यात अजून बऱ्याच नोटिसा होत्या. तट्टीवर खळ धरेना, म्हणून बाभळीचे चार काटे टोचून कागद लावला आणि निघालो.

तारखेच्या दिवशी मी दुसऱ्या बाजूच्या गावांना गेलो होतो. संध्याकाळी कोर्टात परतलो तर आवारातल्या निंबाखाली म्हातारा बसलेला. शेजारी फडक्यात बांधलेली भाकर, तीही न सोडलेली.

“सकायपासून बठेल शे, दादा,” तो अहिराणीत म्हणाला. “कोनी नाव ली नही राह्यनं.”

मी म्हणालो, “बाबा, तुन्हं काम आते आठे नही शे. ते नवा कोर्टमा गये.”

त्याने विचारलं, “मन्हं शेत त हालनं नही. काम कसं हालनं?”

मी चिडून विचारलं, “दारवर कागद लायेल व्हता ना?”

“व्हता ना. औषधवाला लायी ग्यात. मी त्याले हात बी नही लाया.”

त्या वर्षांत मलेरियाचे फवारणीवाले पाड्यापाड्यांवर फिरत. घरात औषध मारलं की तारखेचा कागद लावून जात आणि दरडावून सांगत, हा काढायचा नाही, साहेब बघायला येतील. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. होळीहून घरी आला, दाराला सरकारी शिक्क्याचा कागद दिसला. आपल्यामागे औषधवाले येऊन गेले, असं समजून त्याने तो जपला होता. दार उघडताना फाटू नये म्हणून तट्टी उचलून बाजूला ठेवायचा, असं त्याने मला मोठ्या निष्ठेने सांगितलं.

त्याच दिवशी नव्या कोर्टात तीन वेळा पुकारा झाला. प्रतिवादी गैरहजर. वादीचा जबाब झाला आणि एकतर्फी हुकूमनामा निघाला. शेत गेलं.

दुसऱ्या दिवशी मीच म्हाताऱ्याला घेऊन नव्या कोर्टाच्या गावी गेलो आणि तिथल्या एका वयस्क वकिलांपुढे उभं केलं. ते भले होते. म्हणाले, एकतर्फी हुकूम रद्द करण्याचा अर्ज देता येतो, मुदत आहे. मग त्यांनी म्हाताऱ्याला ओट्यावर बसवलं आणि मला आत बोलावलं. “बजावणी कशी केलीत?” मी सगळं सांगितलं, बाजारातल्या अंगठ्यांसकट. ते म्हणाले, “हेच तुम्ही शपथेवर सांगा. बजावणी रीतसर झाली नाही हे सिद्ध झालं, की दावा पुन्हा चालेल. याच्यापाशी दुसरा काहीच आधार नाही.”

मी मान डोलावली. सांगेन असं खरोखर मनात होतं.

पण माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती. कायम करण्याचे कागद धुळ्याला जिल्हा कोर्टात पडून होते. घरी बायको, दोन लहान मुली आणि अंथरुणाला खिळलेले वडील. साक्षीचं समन्स आलं तेव्हा नाझराने मला बाजूला घेतलं. आवाज न चढवता म्हणाला, “खोटा अहवाल लिहिला असं तू शपथेवर म्हणालास तर तुला सरळ घरी जावं लागेल, आणि तुझ्यामागे आणखी चौघांची चौकशी. विचार कर.” मी विचार केला. माझा विचार तेवढ्यापर्यंतच पोचला.

नव्या कोर्टाला इमारत नव्हती. भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीत न्यायाधीश बसत. भिंतीवर नवा नकाशा, त्याच्या कडा अजून गुंडाळीने वर वळत होत्या. आधी म्हाताऱ्याला शिपायाकरवी त्याच्या बोलीत विचारलं, “दारावर कागद पाहिला होता?” त्याच्या वकिलांनी कपाळाला हात लावला, कारण तो काय म्हणणार ते त्यांना कळलं होतं. म्हातारा म्हणाला, पाहिला. कधी? होळीहून आल्यावर. म्हणजे तारखेच्या आधी? हो. जे विचारलं त्याचं त्याने खरं उत्तर दिलं. औषधवाल्यांचं सांगायला लागला तेव्हा समोरचा वकील म्हणाला, तेवढं पुरे.

मग मला उभं केलं. ईश्वरसाक्ष खरं सांगेन, असं मी म्हणालो. घर कसं होतं, दार कसं होतं, कागद कुठे लावला, सगळं बारकाईने सांगितलं. आसपास चौकशी केली का? केली, कोणी सापडलं नाही. म्हाताऱ्याचे वकील उठले. माझ्याकडे थेट बघत त्यांनी सावकाश विचारलं, “नोटीस डकवताना दोन्ही पंच दाराशी हजर होते?”

खोलीत कोणीतरी खोकलं. म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, “होते.”

वकील खाली बसले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि त्यानंतर आयुष्यात कधी माझ्याशी बोलले नाहीत.

दुपारनंतर हुकूम झाला: अर्ज नामंजूर. न्यायाधीशांनी तो इंग्रजीत लिहिला आणि छापील मराठीत दोन वाक्यांत सांगितला. वकिलांना लगेच दुसऱ्या कामात उभं राहावं लागलं, त्यामुळे म्हातारा एकटाच बाहेर आला. मी पायरीवर चपला घालत होतो. त्याच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती नव्हती. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

तो जवळ आला आणि त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

“दादा, तू उना, बरं व्हयनं,” तो म्हणाला. “मन्हाकडथीन बोलनारं कोनी नव्हतं. तू मन्हं घर पाहेल शे, मन्हं दार पाहेल शे. समदं सांगं तू.”

आत चाललेली भाषा त्याला समजली नव्हती. त्याला एवढंच दिसलं होतं की त्या खोलीत त्याच्या ओळखीचं एकच माणूस उभं राहिलं आणि त्याच्या घराविषयी कितीतरी वेळ बोललं. मी त्याच्या बाजूने साक्ष दिली, असं त्याने धरलं होतं.

“आते शेत राही ना?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, “वकीलसाहेबले विचार, बाबा. मन्ही गाडी शे.” गाडीला अजून दीड तास होता.