पखवाजाची कणीक

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, संध्याकाळ. नेरूळला दादाच्या घरी हजर: दादा, वहिनी, त्यांची मुलगी मीनल आणि मी, दादाची धाकटी बहीण. घट मांडलेला, कहाणी वाचून झालेली, आरती व्हायची होती.

सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं होतं की दादाच्या कॅन्सरवर आता एकच गोळी उरली आहे. तिने आजार जाणार नाही. काही महिने वाढतील, कदाचित तेही नाहीत. खर्च ऐकून वहिनी लगेच म्हणाल्या, फ्लॅट विकू. दादा म्हणाला, "एवढे पैसे घालायचे नाहीत," आणि विषय मिटवला. मला स्वस्थ बसवत नाही. बँकेत गेले, ट्रस्टचे अर्ज भरले, सगळीकडून रिकाम्या हाताने परत आले. म्हणून त्या संध्याकाळी घटासमोर हात जोडून देवीकडे नेमकं मागणं मागितलं: आई, गोळ्यांची सोय कर, बाकीचं मी बघते.

आरती झाली आणि बेल वाजली. दारात डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एक बाई. हॉस्पिटलच्या औषधाच्या दुकानात मी किंमत विचारत असताना त्या माझ्या मागे उभ्या होत्या, आणि त्यांनी दादाचा पत्ता मागून घेतला होता. मी देऊन विसरले होते. पनवेलजवळच्या खाडीकाठच्या गावातून त्या आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी त्याच गोळ्यांची खोकी काढली.

"माझ्या घरवाल्याच्या उरलेल्या हायत. सीलबंद. ह्या खायला तेला येलच नाय मिलाला, गेला तो. डाक्टरला दाखवा, मंगच द्या."

पैशांचं नावही काढू दिलं नाही त्यांनी. वहिनींनी घटाकडे पाहिलं. "बघा, देवीनेच पाठवलं. आता नाही म्हणू नका हं."

दादाने बाईंना बसायला सांगितलं आणि विचारलं, "त्यांना काय फरक पडला?"

बाई म्हणाल्या, "गाठ थोडे दिस थांबली, भाऊ. पन तोंड आलं, जेवन जाई ना. तलहात सोलले, पेला धरवत नवता. परत्येकाला तसंच व्हतं असं नाय. घ्या का नको, ते मी नाय सांगनार."

दादाने आपले हात उलटसुलट करून पाहिले. दर गुरुवारी सोसायटीच्या देवळातल्या भजनाला तो पखवाज वाजवतो. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावायची कणीक वहिनींनी नेहमीप्रमाणे मळून झाकून ठेवली होती.

"सुनंदा," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पैशाचं मी नुसतं पुढे केलं होतं. पैसे नाहीत म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही. आता तेही राहिलं नाही. मला गोळी नको. हात चालतायत तोवर वाजवू दे."

"बाबा, नीट विचार केलात?" मीनल म्हणाली.

"सोमवारपासून तेच करतोय. तुम्ही सगळ्या बँकेत होतात."

वहिनी बराच वेळ रडल्या. बाई त्यांचा हात धरून बसल्या होत्या. मग वहिनी उठल्या, स्वयंपाकघरातून कणकेची वाटी आणली आणि दादाच्या हातात दिली. "निघा आता. सुकली तर पुन्हा माझ्यावरच चिडाल."

बाई कोणी पाठवल्या, यावर मी वाद घालणार नाही. मी मागितलं आणि त्याच संध्याकाळी मिळालं, एवढंच मला ठाऊक आहे. पण गोळ्या समोर आल्या तेव्हा कुठे पैशाचा पडदा बाजूला झाला आणि दादाला मनातलं बोलता आलं. तो हो म्हणाला असता, तरी ती कृपाच असती. 'बाकीचं मी बघते' म्हणाले होते. ते बाकीचंच देवीने माझ्या हातून काढून घेतलं. त्यासाठी मी तिची ऋणी आहे. हल्ली घटासमोर बसते तेव्हा काही मागत नाही. दादा अजून वाजवतो, पूर्वीपेक्षा हळू, मध्ये मध्ये थांबून.

एक काम मात्र राहिलं आहे. ती खोकी दुसऱ्या पेशंटला उपयोगी पडतील, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनाही ते पटलं. खोकी अजून देव्हाऱ्याशेजारीच आहेत. हॉस्पिटलात जायला निघाले की मी पिशवी उचलते.

"वन्सं, अजून एक आठवडा राहू दे," वहिनी म्हणतात.

मी पिशवी परत खाली ठेवते.