काळ्या बाटलीची ग्रामसभा

वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात ती ग्रामसेविका आहे. "डोंगर बघायला यायचंच आहे, तर ग्रामसभेच्या वेळी ये," ती म्हणाली. मी लगेच बॅग भरली.

जळगावहून सकाळची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, वर खिडकीची जागा. चोपड्याच्या स्टँडवर पोहे खाल्ले, शिरपूरला काळी-पिवळी जीप धरली. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. शेवटचा रस्ता हाडं खिळखिळी करतो, पण समोर निळे डोंगर दिसत राहतात.

गावात पावसाळ्यात कावीळ पसरली होती. पिण्याच्या विहिरीला लाल कार्ड मिळालं होतं, म्हणजे पाणी धोक्याचं. वैशालीबरोबर विहिरीवर गेले, तर पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या सुमनअक्का एका छोट्या बाटलीत नमुना भरत होत्या.

"पानी खराब व्हई तर उद्यापावत काळं पडस," त्यांनी मला सांगितलं.

विहिरीपासून दहा पावलांवर गोठा होता, शेणाचा ढीग विहिरीच्या बाजूलाच उतरलेला. कोणाचा, असं विचारलं.

"सरपंचांच्या थोरल्या भावाचा," वैशाली हळूच म्हणाली. "म्हणून कोणी बोलत नाही."

संध्याकाळी अक्कांकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा जेवले. पाणी त्यांनी उकळून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामसभेत अक्कांनी बाटली टेबलावर ठेवली. पाणी शाईसारखं काळं. बाटली हातोहात फिरली आणि गोठ्याच्या मालकांपाशी, नानांपाशी आली.

"इतला वरीस आम्ही हाईच पानी पिनूत," नाना म्हणाले.

अक्का उभ्याच राहिल्या. "नाना, तुमनी नातलेबी कावीळ व्हयनी ना?"

नानांची नातही पावसाळ्यात काविळीने आजारी होती, वैशाली माझ्या कानात म्हणाली. नानांनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ बघितली.

"गोठा मी हलाई टाकसू," ते शेवटी म्हणाले.

"ठरावात घ्या," इतका वेळ खाली बघत बसलेले सरपंच म्हणाले. विहिरीला कठडा, ठरल्या मापाने ब्लीचिंग पावडर आणि दर तपासणीचा निकाल पंचायतीच्या फळ्यावर, हेही वैशालीने लिहून घेतलं. पहिली सही नानांनी केली.

महिनाभराने वैशालीचा फोन आला. गोठा हलला, पुढचा नमुना चांगला निघाला. सुरक्षित पाण्याचं हिरवं कार्ड मिळायला अजून वेळ आहे.

डोंगरांचे फोटो मी घरी आल्यावर फारसे पाहिले नाहीत. आमच्या इमारतीची पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हे मात्र सोसायटीच्या बैठकीत विचारलं. नोंदवहीत त्याची नोंदच नव्हती. आता धुण्याची तारीख ठरली आहे, आणि या रविवारी शिडी धरायला मी आहे.